ॲनिमेशन व्यवसायातील अतिश्रम आणि बर्नआउट : कारणमीमांसा व प्रतिबंधाच्या दिशा

प्रस्तावना

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपण विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो. चित्रपटविद्या आत्मसात करण्याच्या ध्यासापोटी १९११ च्या सुमारास त्यांनी अहोरात्र चित्रपट पाहिले, त्या विषयावरील साहित्य वाचले, झोप कमी केली आणि त्यात त्यांची दृष्टी काही काळ गेली. हा प्रसंग निष्ठेचा आदर्श म्हणून सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी फाळके यांना दृष्टी परत मिळाली. त्यानंतरच ते १९१२ मध्ये लंडनला गेले, परत आल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून त्यांनी पडद्यावर दाखविली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. उपचार झाले नसते तर हा पुढचा इतिहास घडला असता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

एकेक फ्रेम टिपून गतीचा आभास निर्माण करणे हेच ॲनिमेशनचे मूळ तत्त्व होय. आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व बहुमाध्यम या विषयांचे पदवी व व्यावसायिक अभ्यासक्रम चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणास मंजुरी दिली. या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या त्यामुळे वाढेल हे उघड आहे. या विद्यार्थ्यांना आपण सॉफ्टवेअर शिकवितो, रेखाटन शिकवितो. परंतु ज्या कामात ते आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणार आहेत, ते काम माणसाला कसे थकविते आणि त्यापासून स्वतःला कसे जपावे, हे अभ्यासक्रमात क्वचितच येते. प्रस्तुत लेख ही उणीव लक्षात घेऊन लिहिला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. बर्नआउट या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
२. ॲनिमेशनच्या निर्मितिप्रक्रियेत अतिश्रम का निर्माण होतो याची कारणे शोधणे.
३. अमेरिका, जपान व भारत येथील दाखल्यांच्या आधारे या कारणांची पडताळणी करणे.
४. ॲनिमेटर, स्टुडिओ व महाविद्यालय या तीन पातळ्यांवरील प्रतिबंधक उपाय सुचविणे.

१. बर्नआउट : संकल्पना

अतिश्रम व बर्नआउट हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांत फरक आहे. अतिश्रम हा तासांत मोजता येतो. चार दिवस विश्रांती मिळाली की साधा थकवा ओसरतो. बर्नआउट म्हणजे कामानेच माणूस आतून करपून जाणे. तेथे विश्रांतीनंतरही कामाकडे परतण्याची इच्छा राहत नाही.

मानसोपचाराच्या क्षेत्रात ही संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केली. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे निरीक्षण त्यांनी केले होते. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत भावनिक थकवा, समोरच्या माणसांविषयी येणारी अलिप्तता आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, असे तीन घटक मांडले आहेत. मॅसलॅक व मायकेल लायटर यांनी १९९७ मध्ये बर्नआउटची मुळे कामाच्या सहा अंगांत दाखविली : कामाचा भार, कामावरील नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. या सहा अंगांपैकी एकही अंग व्यक्तीच्या स्वभावाचे नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश आजार म्हणून न करता 'व्यवसायजन्य घटना' म्हणून केला आहे. शारीरिक दुष्परिणामांविषयी बोलायचे तर, जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो.

२. फ्रेमचे गणित

ॲनिमेशनमध्ये अतिश्रम का होतो हे समजण्यासाठी साधा गुणाकार पुरेसा आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. दूरचित्रवाणी मालिकेचा २२ मिनिटांचा एक भाग धरला तर १,३२० सेकंद, म्हणजे ३१,६८० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेमपर्यंत धरून ठेवले तर १५,८४० चित्रे लागतात आणि तीन फ्रेमपर्यंत धरले तर १०,५६०. पार्श्वभूमी, रंग, प्रकाश हे सर्व याहून निराळे. प्रत्यक्ष चित्रीकरणात नट चालला की कॅमेरा ते टिपतो. ॲनिमेशनमध्ये त्या चालण्याचा प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी हाताने वा निर्णयाने घडवावा लागतो.

संगणकामुळे हे श्रम संपले, असा एक समज आहे. त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये दोन मुख्य स्थितींमधील हालचाल संगणक भरून काढतो हे खरे. पण ती यांत्रिक दिसते. तिच्यात वजन, लय व भाव आणण्याचे काम ॲनिमेटरलाच करावे लागते. चित्रपटाच्या दर्जाचे काम करणारा अनुभवी ॲनिमेटर आठवड्याकाठी अवघे काही सेकंद पूर्ण करतो. शिवाय संगणकामुळे बदल करणे सोपे भासू लागले. कागदावरील चित्र पुन्हा काढायला सांगताना दिग्दर्शक दहा वेळा विचार करी; संगणकावरील दृश्याबाबत 'थोडे बदलून पाहू' हे वाक्य सहज उच्चारले जाते. त्या 'थोड्या'ची किंमत समोरच्या माणसाच्या रात्रीने चुकती होते.

दुसरे कारण निर्मितीच्या साखळीत आहे. कथा, कथाफलक, आराखडा, प्रतिमान, हालचाल, प्रकाशयोजना, संयोजन असे टप्पे एकापुढे एक येतात. कथेच्या टप्प्यावर तीन आठवडे उशीर झाला तरी प्रदर्शनाची तारीख हलत नाही. उशीर खाली घरंगळत जातो आणि साखळीच्या शेवटी बसलेल्यांच्या वाट्याला येतो. त्यांनी तो निर्माण केलेला नसतो. भरून मात्र त्यांनीच काढायचा असतो.

तिसरे कारण मोबदल्याच्या पद्धतीत आहे. काम ठरावीक रकमेला घेतले आणि बदलांना मर्यादा नसली, तर प्रत्येक बदल फुकटच्या श्रमातून होतो. चित्रामागे पैसे मिळत असतील तर आजारपणाची सुट्टी म्हणजे उत्पन्नाची सुट्टी ठरते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना या पद्धतीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

३. तीन देशांतील दाखले

(अ) अमेरिका. 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' हा डिस्नेचा चित्रपट डिसेंबर १९३७ मध्ये प्रदर्शित झाला व अत्यंत यशस्वी ठरला. परंतु वेतनातील तफावत, बोनसबाबतची अनिश्चितता व श्रेयनामावलीत नाव नसणे यांमुळे कलावंतांत असंतोष वाढला. संघटनेचे काम करणारे ज्येष्ठ ॲनिमेटर आर्ट बॅबिट यांना कामावरून काढल्यानंतर २९ मे १९४१ रोजी संप सुरू झाला. तो सुमारे नऊ आठवडे चालला आणि अखेर डिस्नेने संघटनेला मान्यता दिली. न्याय्य वागणूक, मोबदला व श्रेय हे मॅसलॅक-लायटर यांनी पुढे मांडलेले मुद्देच या संपाच्या केंद्रस्थानी होते. संघटना असली तरी प्रश्न सुटला असे मात्र नाही. २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन : ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटावर काम केलेल्या काही कलावंतांनी, पूर्ण झालेल्या दृश्यांत पुन्हा पुन्हा बदल केले गेल्याची व त्यामुळे दीर्घकाळ आठवड्याचे सातही दिवस काम करावे लागल्याची तक्रार माध्यमांकडे केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्व्हलच्या दृश्यपरिणाम विभागातील कर्मचाऱ्यांनी एकमताने संघटनेच्या बाजूने मतदान केले.

(आ) जपान. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्याला प्रसारित होऊ लागली. आठवड्याला एक भाग देण्यासाठी तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने चित्रांची संख्या कमी केली, हालचाली थोडक्यात बसविल्या आणि जुनी चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरली. श्रम वाचविण्याची ही युक्ती खरोखर कल्पक होती. पण मालिका प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी दराने दिली गेली आणि तो कमी दर पुढे या व्यवसायाची सवय बनला, असे सामान्यतः मानले जाते. मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

जपान ॲनिमेशन क्रिएटर्स असोसिएशनने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार या क्षेत्रातील व्यक्तींचे २०१३ मधील सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ३३ लाख येन होते. परंतु मुख्य चित्रांमधील मधली चित्रे काढणाऱ्या नवोदितांचे उत्पन्न अवघे ११ लाख येनच्या आसपास होते. कामाचे तास महिन्याला सरासरी २६० हून अधिक होते. स्टुडिओ जिब्लीचे दिग्दर्शक योशिफुमी कोन्दो यांचे जानेवारी १९९८ मध्ये महाधमनी विदीर्ण होऊन ४७ व्या वर्षी निधन झाले. त्यामागे अतिश्रम असावेत असे मानले जाते. हायाओ मियाझाकी यांचे उत्तराधिकारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते.

जपानने कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. २०१८ च्या कायद्यान्वये जादा कामाची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तास ठरली. परंतु बहुसंख्य ॲनिमेटर स्वतंत्र कंत्राटावर काम करीत असल्याने तासांची ही मर्यादा त्यांना लागू होत नाही. स्वतंत्र व्यावसायिकांसाठीचा वेगळा कायदा नोव्हेंबर २०२४ पासून अमलात आला असून त्यात कामाच्या अटी लेखी देणे व ठरावीक मुदतीत पैसे देणे बंधनकारक केले आहे. याउलट क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने चित्रामागे पैसे देण्याऐवजी मासिक वेतनावर कलावंत नेमणे व त्यांना स्वतःच्या संस्थेत प्रशिक्षण देणे ही पद्धत अवलंबिली. तिच्या चित्रांचा दर्जा जगभर वाखाणला जातो. स्थैर्य आणि दर्जा यांत विरोध नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

(इ) भारत. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी भारतीय कलावंतांना प्रशिक्षण दिले. राम मोहन यांच्यासारख्या ॲनिमेटरांची पिढी तेथे घडली. पुढे मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील स्टुडिओंत परदेशी चित्रपटांची कामे मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. या कामांत दर ठरविणारा, बदल सांगणारा व तारीख देणारा पक्ष परदेशात असतो. त्यामुळे कामावरील नियंत्रण हे अंग येथे सर्वांत दुबळे राहते. वेळेतील फरकामुळे अभिप्राय संध्याकाळी येतो आणि दुरुस्ती सकाळपर्यंत हवी असते.

या व्यवस्थेची नाजूकता २०१३ मध्ये स्पष्ट झाली. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातील वाघ साकारणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकी स्टुडिओच्या मुंबई व हैदराबाद येथेही शाखा होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये या स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा भारतातील हजारो कलावंतांना त्याची झळ बसली. कलेचा दर्जा उत्तम असूनही ठरावीक रकमेचे व्यवहार स्टुडिओला तारू शकत नाहीत, हा या व्यवसायाने घेण्याजोगा धडा आहे.

४. धोक्याची चिन्हे व दुष्टचक्र

थकलेला ॲनिमेटर अधिक वेळ बसतो, परंतु कमी पाहतो. हालचालीतील सूक्ष्म चूक त्याच्या नजरेतून सुटते. दृश्य परत येते. दुरुस्तीसाठी आणखी तास लागतात. झोप आणखी घटते. जादा तास हे अशा रीतीने जादा तासांचेच कारण बनतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. लेखणी धरून एकच हालचाल हजारो वेळा केल्याने मनगटाच्या स्नायुबंधांना सूज येते, बोटांना मुंग्या येतात. ही शारीरिक चिन्हे लवकर लक्षात येतात. मानसिक चिन्हे उशिरा कळतात : स्वतःच्या कामाविषयी काहीच न वाटणे, सहकाऱ्यांवर विनाकारण चिडणे, एरवी आवडीने पाहिलेले चित्रपट टाळणे, आणि रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारची धास्ती वाटणे.

येथे एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने सत्रप्रकल्पासाठी सलग दोन रात्री संगणक कक्षात काढल्या. प्रस्तुत लेखिकेने वर्गासमोर त्याचे कौतुक केले. शिक्षण संपल्यावर तो एका स्टुडिओत रुजू झाला. दोन वर्षांनी भेटायला आला तेव्हा उजव्या मनगटाला पट्टा होता. नोकरी सोडून तो गावी शेतीत मदत करीत होता. "मॅडम, चित्र काढायला बसलो की काहीच वाटत नाही. मलाच जमलं नाही," एवढेच तो म्हणाला. त्याने कोणालाही दोष दिला नाही. सगळा दोष स्वतःकडे घेतला. असा दोष स्वतःकडे घेणे त्याला कोणी शिकविले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या दिवशीचे वर्गातील कौतुक आठवते.

५. प्रतिबंधाचे उपाय

(अ) ॲनिमेटरच्या पातळीवर

१. प्रत्येक दृश्यासाठी अंदाजित तास व प्रत्यक्ष लागलेले तास यांची नोंदवही ठेवावी. सहा महिन्यांत स्वतःचा वेग कळतो आणि मुदत मान्य करताना आकड्यांनी बोलता येते.
२. हालचालीचा कच्चा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा. त्यानंतरच बारकावे भरावेत. आराखड्यातील बदलाला एक तास लागतो, तर पूर्ण दृश्यातील त्याच बदलाला दिवस लागू शकतो.
३. अभिप्राय लेखी घ्यावा. नवे काम अंगावर आल्यास सरळ नकार देणे नवोदितास कठीण जाते. अशा वेळी 'हे करतो, पण हातातील कोणते काम पुढे ढकलू?' असे विचारावे. निर्णयाची जबाबदारी त्यामुळे योग्य ठिकाणी जाते.
४. दर वीस मिनिटांनी सुमारे वीस सेकंद दूरवर पाहावे, तासाभराने उठावे, मनगट सरळ राहील अशी बैठक ठेवावी. वेदना सुरू झाल्यावर वेदनाशामक घेऊन काम रेटण्याऐवजी वैद्यकीय सल्ला घ्यावा.
५. झोपेचे तास हे उरलेल्या वेळेतून न काढता आधीच बाजूला ठेवावेत.
६. निराशा दाटून येत असल्यास बोलावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हे उपाय उपयुक्त असले तरी ते अपुरे आहेत, हे प्रांजळपणे सांगावे लागते. बारा तासांच्या कामाला वीस सेकंदांची विश्रांती हे उत्तर असू शकत नाही.

(आ) स्टुडिओच्या पातळीवर

करारात बदलांच्या फेऱ्यांची संख्या निश्चित असावी व त्यापुढील बदलांस वेगळा दर असावा. कथा व आराखड्याच्या टप्प्यावरील उशीर नोंदवून पुढील टप्प्यांची मुदत त्या प्रमाणात वाढवावी. वेळापत्रकात आजारपण व दुरुस्ती यांसाठी राखीव दिवस असावेत. चालण्याचे, वळण्याचे नमुने संग्रहित करून पुन्हा वापरणे ही तेझुका यांची युक्ती आजही श्रम वाचवू शकते. मात्र वाचलेला वेळ कलावंताला मिळाला पाहिजे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व जादा कामास दुप्पट दराने वेतन ही तत्त्वे आहेत. अनेक ॲनिमेटर 'सल्लागार' वा कंत्राटी म्हणून नेमले जातात, त्यामुळे हे संरक्षण मिळविणे त्यांना कठीण जाते. नेमणूकपत्र कोणत्या स्वरूपाचे आहे, हे म्हणूनच स्वाक्षरीपूर्वी वाचले पाहिजे.

(इ) महाविद्यालयाच्या पातळीवर

येथे बदल करणे आपल्या हाती आहे. पहिली गोष्ट म्हणजे, अंतिम चित्रफितीबरोबरच कथाफलक, कच्चा आराखडा व सुधारणा यांना टप्प्याटप्प्याने गुण द्यावेत. सर्व गुण शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणाला असतील तर विद्यार्थी शेवटच्या आठवड्यातच जागणार. दुसरे, एकाच सत्रातील वेगवेगळ्या विषयांच्या मुदती एकत्र येऊ नयेत यासाठी विभागातील शिक्षकांनी सत्रारंभी एकत्र बसावे. तिसरे, तीस सेकंदांच्या चित्रफितीस किती तास लागतील याचा अंदाज विद्यार्थ्याकडून आधी लेखी घ्यावा व शेवटी पडताळावा. कामाचा अंदाज बांधणे हे रेखाटनाइतकेच शिकविण्याजोगे कौशल्य आहे. चौथे, करार, वेतनपत्र व श्रमकायदे यांवर किमान दोन तासिका असाव्यात; त्यासाठी वाणिज्य व विधी विभागांचे सहकार्य घेता येईल. मानसशास्त्र विभाग बर्नआउटवर, तर शारीरिक शिक्षण विभाग बैठकीवर मार्गदर्शन करू शकेल. आंतरविद्याशाखीय अध्यापनाची ही सहज उपलब्ध संधी आहे. पाचवे, माजी विद्यार्थ्यांना बोलाविताना केवळ यशस्वी झालेल्यांनाच न बोलाविता व्यवसाय सोडलेल्यांनाही सन्मानाने बोलावावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, ॲनिमेटरचा बर्नआउट त्याच्या दुबळेपणातून येत नाही. फ्रेमची प्रचंड संख्या, खाली घरंगळणारा उशीर, मर्यादा नसलेले बदल आणि कामाच्या मोबदल्याची रीत यांतून तो घडतो. १९४१ चा संप, १९६३ ची मालिका आणि २०१३ ची दिवाळखोरी ही एकाच कारणपरंपरेची तीन रूपे आहेत. व्यक्तिगत सवयींनी त्याची धार कमी होईल. पण करार, वेळापत्रक व शिक्षण यांत बदल झाल्याशिवाय तो टळणार नाही.

प्रस्तुत लेखिकेने आपल्या वर्गात एक लहानसा बदल केला आहे. प्रकल्प सादर करताना विद्यार्थ्याने तासांची नोंदवही सोबत द्यावयाची असते आणि रात्री जागून केलेल्या कामाचे कौतुक वर्गात होत नाही. फाळके यांची गोष्ट अजूनही सांगितली जाते. मात्र आता ती डॉ. प्रभाकर यांच्यापर्यंत सांगितली जाते.